जुन्या ओम्नीत चार रात्री: दिवेआगर ते गणपतीपुळे

गाडीतच झोपून फिरता यावं म्हणून परदेशात काहीजण जुन्या छोट्या गाडीचा मागचा अर्धा भाग कापून त्याचा ट्रेलर करतात. आपल्याकडे वेल्डिंगवाल्याला हे काम अवघड नाही, अवघड आहे ते कागदावर. ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन, त्याची नोंदणी वेगळी. गाडी कापली की मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं: आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल चालत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्यात अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद ठरलेलाच. म्हणून इथे सांगितलेला जुगाड कापाकापीचा नाही. गाडीला एकही नवं भोक न पाडता बसणारा आणि वीस मिनिटांत निघणारा पलंग, दोन माणसं, आणि कोकणातले तीन खाडीतर, म्हणजे गाडीसकट खाडी ओलांडून देणाऱ्या फेरीबोटी.

गाडी पाच सीटवाली मारुती ओम्नी घ्यावी. १९८४ पासून रस्त्यावर असलेली ही गाडी २०१९ मध्ये बंद झाली, त्यामुळे मिळेल ती जुनीच. पंधरा वर्षं उलटली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का हे आधी बघा. लांबी ३३७० मिलिमीटर, रुंदी १४१०, उंची १६४०, म्हणजे अरुंद आणि उभट. टपावर सामान चढवलं की खाडीपुलावरच्या आडव्या वाऱ्यात गाडी डुलते. टप मोकळाच ठेवा.

पलंगाचं माप गाडीत फीत लावूनच घ्यावं. मागच्या सीटची पाठ पुढे पाडा. पाडलेल्या पाठीच्या सगळ्यात उंच बिंदूपासून अर्धा इंच वर फळी, हीच पलंगाची उंची. या उंचीवर आत ताठ बसता येत नाही हे आधीच मान्य करा. सीट काढली तर बसता येतं, पण मग आरसीवरची आसनसंख्या आणि गाडी जुळत नाहीत. बसायची जागा बाहेर, वर उघडणाऱ्या मागच्या दाराखाली.

साहित्य असं: १२ मिलिमीटरचं मरीन प्लाय, आठ बाय चारचं एक शीट. वजन साधारण २३ किलो. १८ मिलिमीटरचं घेतलं तर तेच ३५ च्या आसपास जातं आणि एकट्याला उचलवत नाही. सुताराकडून आडवे चार तुकडे करून घ्या, प्रत्येकी २४ इंचांना थोडे कमी, कारण करवतही दोन-तीन मिलिमीटर खाते. तीन तुकडे पलंगाला, चौथ्यातून स्वयंपाकाची फळी. पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत जागा कमी भरली तर पहिला तुकडा कापा. उंच माणसाने तिरकं झोपावं. प्रत्येक तुकड्याच्या खाली कडेने आणि मधोमध दोन बाय एकची लाकडी पट्टी, तशाच लाकडाचे पाय, पायांच्या तळाला जुन्या ट्यूबचं रबर. रबर नसेल तर ताम्हिणी उतरेपर्यंत फळ्यांची कुरकुर डोकं उठवते. पाय पत्र्यावर टेकले पाहिजेत. सीटच्या गादीवर टेकवले तर गादी दबते आणि पलंग एका अंगाला कलतो. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेसच्याच. साध्या स्क्रूंना खारी हवा लवकर गंज चढवते.

प्लायला दर सहा इंचांवर एक इंचाचं भोक पाडा. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर गादीखाली जमते आणि भोकं नसली तर तिसऱ्या दिवशी गादीला बुरशीचा वास येतो. गादी दोन इंची, ४० डेन्सिटीचा फोम, तीन तुकड्यांत.

सगळ्यात जास्त चुकतं ते पलंग बांधायचं. नुसती ठेवलेली फळी जोरात ब्रेक मारल्यावर थेट चालकाच्या मानेवर येते. दोन रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे) घ्या, सीटच्या लोखंडी पायांतून ओवा आणि फळीच्या खालच्या पट्टीभोवती आवळा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नका. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. ऑईल बघायचं तर सीट उचलावी लागते. तेव्हा पहिला तुकडा सीटला इतका खेटून नको की सीटच उचलता येणार नाही. आणि इंजिनाच्या त्या गरम पेटीच्या मागे गॅस किंवा बॅटरी ठेवायची नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. ३ वॅटचे दोन एलईडी पाच तास म्हणजे ३० वॅट-तास, १२ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे ९६, दोन मोबाईल मिळून ३०. एकूण १५६. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २५६ देते; त्यातले २०० वापरा. बॅटरीच्या टोकापासून अर्ध्या फुटाच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, वायर अडीच चौरस मिलिमीटरची. गाडीच्या बॅटरीला ही थेट जोडू नका. लिथियम मिळेल तितका करंट ओढते आणि ओम्नीचा छोटा अल्टरनेटर तापून जातो. मध्ये १० अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर (ठरावीक करंटच पुढे सोडणारा) टाका, रात्री हेडलाईट लावून चालवताना तो बंद ठेवा. एवढा खटाटोप नको असेल तर दुपारी जेवायला थांबाल त्या खाणावळीत विचारून चार्जिंगला लावा. नाही कोणी म्हणत नाही.

पाण्याचा २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो. तो खाली, चाकांच्या मध्ये. गॅस पाच किलोचा, उभा आणि बांधलेला. शेगडी नेहमी बाहेर. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता पलंगाखाली साचतो. इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं तर अजिबातच नाही.

आता रस्ता. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. मुंबईकडून येणाऱ्यांनी अलिबाग, मुरुड करत आगरदांड्याच्या जेट्टीवरून दिघीला उतरावं, त्यांचा एक खाडीतर वाढतो. दुसऱ्या दिवशी शेखाडीवरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याला गाडी जंगलजेट्टीत (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत) चढवून वेसवी, मग दापोली तालुक्यातलं आंजर्ले किंवा मुरुड. (हे मुरुड वेगळं, जंजिऱ्याचं वेगळं. मोबाईलवर रस्ता शोधताना ही गफलत शे-दीडशे किलोमीटरला पडते.) तिसऱ्या दिवशी दाभोळ–धोपावे तर ओलांडून गुहागर किंवा वेळणेश्वर. चौथ्या दिवशी हेदवी, तवसाळ–जयगड तर, मालगुंड, गणपतीपुळे. परतीला आरे-वारेवरून रत्नागिरी आणि आंबा घाट. सरासरी ताशी २५ ते ३० किलोमीटर धरा. वळणं आणि गावं याहून जास्त देत नाहीत. शेवटची फेरी किती वाजता हे दुपारीच फोन करून विचारा. दाभोळची चुकली तर खेड, चिपळूणवरून शंभरावर किलोमीटरचा वळसा आहे.

ओहोटीला जेट्टीचा उतार जास्त तिरका होतो आणि ओम्नीचं मागचं बंपर घासतं. सोबत बसलेल्याला उतरवा, पहिल्या गिअरमध्ये सरळ जा, चढताना थांबू नका. कधी गाडी उलटी चढवायला सांगतात. मागची काच सामानाने झाकलेली असेल तर तिथे फजिती होते, म्हणून पलंगाच्या वर गाद्यांशिवाय काही रचू नका. आत गेल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, गॅसचा कॉक बंद.

भरती-ओहोटीसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही पुरतो: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी एरवीपेक्षा बरंच वर येतं. हा हिशेब जेट्टीसाठी आणि पोहण्यासाठी. गाडी वाळूत नेण्यासाठी नाही. बाराच्या रिमची बारीक चाकं आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या वाळूत थांबली की रुतलीच, आणि मग भरती कुणासाठी थांबत नाही.

मुक्काम किनाऱ्यावर नको, अंगणात करा. घरगुती खाणावळीत रात्रीचं जेवण सांगा आणि तिथेच विचारा, "काकू, रात्री गाडी अंगणात लावली तर चालेल का? गाडीतच झोपू, फक्त न्हाणीघर वापरायला मिळालं तर बरं होईल." पैसे आधी ठरवा. लोक संकोचाने कमी सांगतात, तुम्ही थोडे जास्त द्या. नारळाखाली गाडी लावू नका. नारळ पडला तर टपाला पोचा, झावळ पडली तर काच, आणि रात्री दोन वाजता तो आवाज आत गाडीभर घुमतो. आंब्याखाली किंवा मोकळ्या खळ्यात लावा. फेब्रुवारीपुढे गेलात तर आंजर्ले-वेळासच्या बाजूला रात्री समुद्राकडे हेडलाईट टाकू नका. कासवांची पिल्लं उजेडाच्या दिशेने सरकतात आणि पाण्याची वाट चुकतात.

झोपताना दोन्ही बाजूंच्या सरकत्या काचा चार बोटं उघड्या, त्यावर चुंबकपट्टी लावलेली मच्छरदाणीची जाळी. मागचं दार आतून उघडत नाही, म्हणून एका सरकत्या दारापुढे सामान नकोच. त्या दाराच्या खालच्या रुळात वाळू गेली की दार अर्ध्यावर अडतं. तिथे ऑईल ओतू नका, ऑईल वाळू धरून ठेवतं. कोरड्या ब्रशने झाडा, मग सिलिकॉन स्प्रे.

घरी आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्या, चाकांच्या कमानींच्या आतूनसुद्धा. फळ्या काढून सावलीत दोन दिवस उभ्या ठेवा, आणि सीटची पाठ पुन्हा उभी करण्याआधी तिच्या खिटीत वाळू नाही ना ते बोट फिरवून बघा.