नोंदवहीतल्या सह्या आणि कोरी भिंत

ग्रंथपालांच्या चर्चासत्रांना मी इतकी वर्षं जाते आहे, पण कामाचं जे काही कळतं ते चहाच्या टेबलाशीच. ग्रंथालयाच्या कोहा या सॉफ्टवेअरमधून अमुक रिपोर्ट कसा काढायचा, जुन्या नियतकालिकांची बांधणी स्वस्तात कोण करून देतं, हे कुठल्याच शोधनिबंधात नसतं. हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थांनाही हेच जाणवलं होतं. १९८३ साली वर्षभर राबून त्यांनी एक आंतरराष्ट्रीय परिषद घेतली, आणि लोक म्हणाले, सगळ्यात छान काय तर कॉफीच्या सुट्ट्या! मग १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेत त्यांनी विषय आधी न ठरवताच परिषद भरवली. लोक गोल करून बसले. ज्याला जो विषय काढायचा होता त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावला आणि वेळ-जागा ठरवली. ओपन स्पेस म्हणतात ते हेच.

जिल्ह्याचं चर्चासत्र आमच्या कॉलेजकडे आलं तेव्हा दुपार अशी ठेवू या, असं मी सुचवलं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, मग कार्यक्रमपत्रिकेत छापायचं काय?” प्रश्न रास्त होता. तडजोड झाली. सकाळी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बीजभाषण, शोधनिबंध. दुपारी ‘मुक्त संवाद’ आणि एक कोरी भिंत.

पण खरा स्फोट सकाळीच झाला. बीजभाषणानंतरच्या प्रश्नांसाठी आम्ही स्लायडो ठेवलं होतं. पडद्यावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करायचा, नाव न देता प्रश्न टाकायचा, दुसऱ्याचा पटला तर त्याला अंगठा द्यायचा. जास्त अंगठ्यांचा प्रश्न आपोआप वर सरकतो. सुरुवातीला नेहमीचेच आले, ई-संसाधनांचं भवितव्य वगैरे. मग एक ओळ उमटली : “तपासणी समिती येणार म्हटल्यावर आमच्याकडे वाचकांच्या नोंदवहीत मागच्या तारखांच्या सह्या करून घेतात. तुमच्याकडे?”

सभागृहात कुणी हूं की चूं केलं नाही. अंगठे मात्र भराभर वाढत गेले आणि बघता बघता प्रश्न सगळ्यांत वर जाऊन बसला. पहिल्या रांगेतून निरोप आला, “मॅडम, तेवढा काढा.” काढता आला असता, सूत्रं माझ्याच मोबाइलवर होती. पण इतक्या जणांनी अंगठा दिलेला प्रश्न गायब झाला असता, तर त्याचं उत्तर सगळ्यांना आपोआपच मिळालं असतं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. व्यासपीठावरचे निवृत्त ग्रंथपाल सर पडद्याकडे बघत थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मला आयुष्यात हा प्रश्न कुणी विचारला नाही. उत्तर मात्र येतं.” मग हशा झाला, आणि त्यांनी खरंच उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.

हात वर करून, नाव-कॉलेज सांगून हा प्रश्न कुणी विचारला असता? शक्यच नाही. निनावीपणाने लोक बेजबाबदार होतात असं मला वाटत आलं होतं, आणि काही ठिकाणी होतातही. इथे उलट झालं.

दुपारी भिंत भरली. सह्यांचा विषय होताच, शिवाय कोहा, दुबार प्रती, रिक्त पदं. अडलं ते भलतीकडेच. ओपन स्पेसचा एक नियम आहे : जिथे तुम्ही काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठा आणि दुसऱ्या गटात जा. अमेरिकेत ठीक आहे हो! आमच्याकडे वयाने मोठं माणूस बोलत असताना उठायचं म्हणजे काय? सह्यांच्या गटात ते निवृत्त सर बसले होते, म्हणून अर्धी खोली तिथे. बाकीच्या गटांत माणूस नाही. अखेर सरच चहाचा कप घेऊन उठले, “मला कोहातलं काही कळत नाही, जरा ऐकतो” म्हणत पलीकडे गेले. मग उठबस सुरू झाली.

गडचिरोलीच्या एक मॅडम ऑनलाइन होत्या. अशा वेळी ऑनलाइन माणूस पडद्यावर टांगलेला राहतो. आम्ही लॅपटॉप एका खुर्चीत ठेवला, गोलातल्या बाकीच्यांच्या रांगेत. तासाभराने त्यातून आवाज आला, “दादा, मला जरा खिडकीपाशी त्या दुबार प्रतीवाल्यांकडे न्या ना.” आमच्या शिपाईदादांनी लॅपटॉप उचलला आणि चार्जरसकट त्यांना तिकडे नेऊन बसवलं. नंतर दोनदा जागा बदलून झाली. एकदा रेंज गेली, तर दादा “मॅडम गेल्या” असं इतक्या गंभीरपणे म्हणाले की दोघं-तिघं दचकलेच.

प्रत्येक गटाने एका सामायिक गुगल डॉकमध्ये टिपणं केली. दुबार प्रतींची यादी त्याच फाइलमध्ये वाढत गेली आणि आमच्याकडची जास्तीची शब्दकोशांची जोडी पुढे गडचिरोलीला गेली. सह्यांच्या गटाचं पान सगळ्यांत आखूड होतं, पण त्याखाली माणसांनी आपली नावं घातली होती.

प्रमाणपत्रांचा घोळ अजून मिटलेला नाही. पदोन्नतीच्या फाइलला ‘शोधनिबंध सादर केला’ असा कागद लागतो, आणि दुपारी कुणी काहीच सादर केलं नव्हतं. ज्यांनी विषय काढून गट चालवला त्यांना आम्ही ‘चर्चानिमंत्रक’ असं छापून दिलं. एका सरांनी ते फाइलला जोडलं आहे. छाननी समितीने त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून फाइल परत पाठवली, आता ते सर माझ्याकडून खुलाशाचं पत्र मागतायत.