एका पाचाच्या आकड्यापायी चौदा महिने

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, मागे राहिलेले .४५ बोअरचे (साधारण .४५ इंच व्यासाच्या नळीचे) रिव्हॉल्व्हर माझ्या परवान्यावर चढण्यास चौदा महिने लागले आणि त्यांतले अकरा महिने एका पाचाच्या आकड्याने खाल्ले. राग अजून पुरता उतरलेला नाही, त्यामुळे हे लिहिताना तोल थोडा ढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची शेती मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठी आहे आणि ऊस वाढला की रानडुकरे त्यात मुक्कामच करतात. शिकार हा शब्द मी वापरणार नाही, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे आपल्याकडे हौसेच्या शिकारीला जागाच राहिलेली नाही. वन खात्याच्या परवानगीखेरीज पिकात शिरलेल्या डुकरावरही गोळी झाडता येत नाही आणि काळवीट असेल तर हाकलण्यापलीकडे काहीच हाती उरत नाही. अशी परवानगी मिळाली असताना खरे काम बारा बोअरची दुनळीच करते. परंतु जखमी डुक्कर उसात घुसल्यावर त्याच्या मागे जावे लागते, आणि दोन सरींच्या मध्ये लांब नळीची बंदूक फिरवताच येत नाही. अंगावर आलेच तर कमरेला दुसरे काहीतरी हवे, एवढ्यासाठीच मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरचा विचार मी करत होतो.

दुनळी आणि कानपूरचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर ही दोन शस्त्रे माझ्या नावावर आधीपासून होती. शस्त्र कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे बाळगता येतात, म्हणून अण्णांचे .४५ घ्यायचे तर .३२ सोडणे भाग होते. .३२ ची गोळी जेमतेम साडेसहा ग्रॅमची असते, तर .४५ ची सुमारे पंधरा ग्रॅमची. दोन्हींचा वेग बेताचाच असला तरी समोर दीड क्विंटलचे जनावर असताना हा फरक बोलतो. अमेरिकेत जंगलात फिरणारे लोक .४४ मॅग्नम बाळगतात. १९५५ साली आलेले ते काडतूस .४५ पेक्षा कितीतरी जोरकस आहे, परंतु आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही आणि पूर्वी आलेल्या मोजक्या शस्त्रांच्या किमती लाखांत आहेत. तेव्हा घरात असलेले शस्त्र सोडून दुसरीकडे पाहण्यात अर्थ नव्हता.

जून २०२३ मध्ये अर्ज केला. वारसाचा दाखला, बहिणींची संमतिपत्रे, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस चौकशी हे सारे विनातक्रार पार पडले. सप्टेंबरमध्ये मात्र शस्त्र परवाना शाखेतील लिपिकाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून सांगितले, ‘‘हे तर प्रतिबंधित बोअर आहे. हे दिल्लीचे काम.’’ पडद्यावर .४५५ असे लिहिलेले होते.

ज्यांना या आकड्यांशी देणेघेणे नाही त्यांच्यासाठी सांगतो. .४५५ हे ब्रिटिश लष्कराच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे काडतूस आणि ते झाडू शकणारे कोणतेही रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात जमा होते, ज्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतो. अण्णांचे रिव्हॉल्व्हर हे पहिल्या महायुद्धाच्या काळातले अमेरिकी मॉडेल १९१७. त्यात .४५ ची रिम (बुडाशी बाहेर आलेली कड) नसलेली काडतुसे तीन-तीनच्या अर्धचंद्राकृती क्लिपांत बसवून घालतात आणि नळीवर ‘डी. ए. ४५’ असे कोरलेलेच आहे. मी म्हटले, शस्त्र विक्रेत्याकडे जमा आहे, एकदा डोळ्यांनी पाहा. त्यावर उत्तर आले, ‘‘आम्ही शस्त्र पाहत नाही, कागद पाहतो.’’

मग कागदच शोधायचे ठरवले. परवाना मूळचा १९६८ सालचा, त्यामुळे पहिली नोंदवही दुसऱ्याच कार्यालयाच्या अभिलेखात होती, आणि त्या कार्यालयाचे म्हणणे असे की मागणी पहिल्या कार्यालयाने करावी. पहिले कार्यालय म्हणे, नोंद आमच्याकडे संगणकावर आहेच, मागणी कशासाठी करायची? या दोन वाक्यांमध्ये मी दिवाळी काढली आणि सोलापूरची गड्ड्याची जत्राही काढली, कारण जत्रेत सगळे बंदोबस्तावर. दर खेपेस संचिका ‘साहेबांसमोर’ असायची आणि साहेब संचिकेसमोर नसायचे. अखेर फेब्रुवारीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, तेव्हा महिन्याभरात नोंदवहीच्या पानाची साक्षांकित प्रत हातात आली. पान पाहून हसावे की रडावे कळेना. बोअरच्या रकान्यात .४५ होते, शेजारच्या रकान्यात काडतुसांची संख्या ५० होती आणि मधली रेघ पुसट झाली होती. कोणीतरी संगणकात नोंद चढवताना पन्नासातला पाच अलीकडे ओढला आणि उरलेले शून्य सोडून दिले. संगणकात काडतुसांच्या संख्येपुढे खरोखरच ‘०’ होता.

एवढ्यात लोकसभा निवडणूक लागली. सोलापूरचे मतदान ७ मे २०२४ रोजी होते. माझी दुनळी आणि .३२ ठाण्यात जमा झाली आणि दुरुस्तीचे काम ‘आचारसंहितेनंतर’ या खुंटीला टांगले गेले. (येथेच सांगून ठेवतो, निवडणुकीत शस्त्र जमा केल्याची पावती जपून ठेवावी, ती परत घेताना लागते.) जूनमध्ये पोलीस आर्मोररने, म्हणजे पोलिसांच्या शस्त्र-तंत्रज्ञाने, शस्त्र तपासले. नळीवरील अक्षरे वाचणे, काडतूस बसवून पाहणे आणि दोन ओळी लिहिणे या सर्वांस वीस मिनिटे लागली. ही वीस मिनिटे सप्टेंबरमध्येच देता आली असती. ऑगस्टमध्ये नोंद दुरुस्त झाली.

ज्यांच्याकडे जुना, हाताने लिहिलेला परवाना आहे त्यांनी धारक हयात असतानाच संगणकातील नोंद तपासून घ्यावी. किंबहुना धारकाचे वय सत्तर झाले असेल किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षे झाली असतील, तर हयातीतच वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. अण्णा दोन्ही अटींत बसत होते आणि आम्ही दोघेही त्याबाबत उदासीन राहिलो.

बोअर निवडणाऱ्याने काडतुसांचा विचार आधी करावा, हेही मला उशिराच सुचले. .३२ ची काडतुसे खडकीच्या कारखान्यात बनतात आणि दुकानात मिळतात. माझ्याकडे .४५ ची सतरा आहेत, तीही जुनी, आणि नवी परदेशी मिळाली तर भाव ऐकून खाली बसावे लागते. सरावाला एकही खर्च करता येत नाही. हिशेबाने पाहिले तर .३२ ठेवून .४५ सोडणेच शहाणपणाचे होते आणि विक्रेत्यानेही मला तसेच सांगितले. चौदा महिने भांडल्यावर ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून .३२ विकले.

नवी नोंद होताना मी लिपिकासमोर उभाच राहिलो आणि बोअरच्या रकान्यात आकड्याखाली ‘पॉइंट पंचेचाळीस’ असे अक्षरी लिहून घेतले. ‘‘अक्षरी लिहिण्याची पद्धत नाही,’’ असे ते म्हणाले, पण लिहिले.