मैदानावर नाव, बराकीत ‘सर’

आपल्या शाळेच्या संघातून मी सातवीपर्यंत सॉफ्टबॉल खेळलो. पीटीचे सर भर उन्हात जमिनीलगत चेंडू मारायचे आणि ओरडायचे, “वाक! मागे गेला तर तूच आणायचा!” मागे बाभळी होत्या. त्यामुळे वाकायला फार लवकर शिकलो.

पुढे बाबांच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेलो आणि २००५ च्या ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलिना राज्यातल्या चार्ल्स्टनच्या ‘द सिटाडेल’ या १८४२ सालच्या लष्करी कॉलेजात दाखल झालो. तिथे आल्या आल्या डोकं भादरतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना म्हणतात ‘नॉब’, म्हणजे दाराची मूठ. फोटो पाहून आजीने घाबरून विचारलं, “अरे, कोण गेलं?”

नॉबने बराकीत ताठ चालायचं, काटकोनात वळायचं आणि वरच्या वर्षांतल्या प्रत्येकाला ‘सर’ म्हणायचं. मी चाचणी देऊन बेसबॉलच्या संघात शिरलो (शिष्यवृत्ती वगैरे काही नाही, बहुतेक वेळ बाकावरच) आणि पंचाईत झाली. मैदानावर तिसऱ्या बेसवरचा (धाव काढताना ओळीने गाठायच्या चार ठिकाणांना बेस म्हणतात) सीनियर मला नावाने हाक मारी, मीही त्याला. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघे धावत असताना “सर, हा मी घेऊ का?” विचारायला वेळ असतो थोडाच! पण सराव संपवून बराकीचं फाटक ओलांडलं की तोच ‘सर’, आणि मी पुन्हा ताठ.

सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ६० फूट, बेसबॉलमध्ये ९०. शॉर्टस्टॉपवरून, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवरून, पहिल्या बेसकडे फेकलेला माझा चेंडू महिनाभर टप्पे खातच पोहोचायचा. वाकण्याबद्दल मात्र कोणी कधी टोकलं नाही.

जुने लोक १९९० च्या संघाबद्दल बोलायचे. आदल्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळाने चार्ल्स्टन झोडपलं होतं, आणि त्याच मोसमात ही कॅडेट पोरं ओमाहा शहरात कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलची देशपातळीवरची अंतिम स्पर्धा, खेळून आली. आमच्या वेळी तसलं काही नव्हतं. फेब्रुवारीपासून पन्नासेक सामने आणि बसचे लांबलचक प्रवास. मला ते प्रवास फार आवडत, कारण बसमध्ये कोणी ताठ बसायला सांगत नसे. पुस्तक उघडायचं आणि झोपायचं.

मी बाहेरगावी असलो की खोलीच्या तपासणीचा भार माझ्या जोडीदारावर पडायचा. तो तोंडाने काही बोलत नसे. रविवारी रात्री परतलो की माझ्या टेबलावर त्याचे बूट असायचे, शेजारी पॉलिशची डबी. मी मुकाट्याने ब्रश घ्यायचो.