हाताची जखम, हाताचीच कातडी

रंधा मशीनने माझ्या उजव्या पंजाच्या पाठीवरची कातडी ओरबाडून नेली. डिचोलीहून १०८ रुग्णवाहिकेने थेट बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. हाडं शाबूत होती, पण टेंडन, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, उघडे पडले होते.

मला वाटलं, मांडीची पातळ कातडी चिकटवतील आणि घरी सोडतील. डॉक्टर म्हणाले, "उघड्या टेंडनवर ती धरणार नाही. तिला खालून रक्त मिळायला हवं." म्हणून फ्लॅप, म्हणजे स्वतःची रक्तवाहिनी घेऊन येणारी कातडी. पर्याय दोन. एक, पंजा जांघेजवळच्या कातडीला जोडून दोन-तीन आठवडे तसाच ठेवायचा. दुसरा, त्याच हाताच्या कोपराखालची कातडी मनगटाकडून उलटी फिरवून पंजावर आणायची. कोपराखालच्या कातडीचा हा फ्लॅप मूळ चिनी सर्जनांचा, १९८१ साली प्रसिद्ध झालेला. हात कमरेला बांधून झोपायची कल्पनाच नको वाटली. मी दुसरी निवडली.

त्याआधी एक साधी तपासणी झाली. मूठ आवळायला लावून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबल्या, मूठ उघडायला सांगितली आणि करंगळीकडची तेवढी सोडली. पांढरा पडलेला तळवा लगेच लाल झाला. म्हणजे अंगठ्याकडची धमनी फ्लॅपसाठी वापरली, तरी पंजाला रक्त पुरणार. तळहातात दोन्ही धमन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे फ्लॅपलाही उलट्या दिशेने रक्त मिळतं. हे ऐकून मला डॉक्टरांपेक्षा शरीराचंच जास्त कौतुक वाटलं.

ऑपरेशन हात बधिर करून झालं. खरी कसोटी नंतरची. हात उंच टांगलेला, आणि नर्स सारखी येऊन फ्लॅप बोटाने दाबून रंग बघायची. फिकट पडला तर रक्त पोचत नाही, निळा-जांभळा झाला तर परत जात नाही. माझा सुरुवातीला जांभळट दिसायचा. अशा उलट्या फ्लॅपमध्ये तसं होतं म्हणे. एका बाजूचे टाके थोडे सैल केले, मग उतरला. विडी-सिगारेट सक्त बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. बायको तर भेटायला येणाऱ्यांचे खिसेसुद्धा हुंगायची!

पण कोपराखाली जी जागा रिकामी झाली, तिचा विचार मी केलाच नव्हता. तिथे शेवटी मांडीची पातळ कातडी लावावी लागली, आणि सगळ्यात जास्त आग झाली ती मांडीची. ज्यांना हे ऑपरेशन करायचं आहे त्यांनी ही जागा आधी नीट समजून घ्यावी. माझ्या हातावर तिथे आज खोलगट, चकचकीत चट्टा आहे, आणि अंगठ्याच्या मागे बधिरपणा.

फिजिओथेरपी कंटाळवाणी, पण मूठ वळली ती तिच्यामुळेच. फ्लॅपवर कोपराखालचे केस उगवतात, त्यावर पोरं हसतात. तो भाग फुगीरही आहे. छोट्या ऑपरेशनने पातळ करता येतो म्हणतात. बघू, आधी चवथीच्या चौरंगांच्या ऑर्डरी उरकू देत.