तुम्ही विचारलंत म्हणून : हसू येतं, त्याचं काय करू?

प्रश्न ठरलेला असतो. मी कुणाला तरी 'वन्स अपॉन अ टाइम' हा २००८ सालचा कोरियन सिनेमा बघायला सांगते. बघून झाला की, किंवा नुसता विषय ऐकला तरी, समोरचा म्हणतो, "जपानी राजवट, माणसं तुरुंगात कुजतायत, आणि त्यात हिऱ्याच्या चोरीची कॉमेडी? तुला हसू येतं तरी कसं? तुझ्या घरातल्या माणसाला?" ते शेवटचं वाक्य आमचं गाव ठाऊक असलेले लोक जोडतात. आम्ही कुंडलच्या बाजूचे. इंग्रजांविरुद्धचं नाना पाटलांचं प्रतिसरकार, त्याची तुफान सेना हे मी सांगत बसत नाही. ते तुम्हाला पाठ आहे म्हणून तर विचारता.

इतकी वर्षं "अहो, सिनेमाच तो" म्हणून मी विषय बदलत आले. आता लिहूनच टाकते. पुढच्या वेळी हेच पाठवीन.

आधी सिनेमाची बाजू. १९४० नंतरचं सोल. ग्योंगजूजवळच्या सोकुराम लेण्यातल्या बुद्धाच्या कपाळावरचा म्हणून सांगितला जाणारा हिरा एका जपानी लष्करी अधिकाऱ्याच्या हाती लागतो. हिरा किती, तर ३००० कॅरेट! जगातला सगळ्यात मोठा म्हणून नावाजलेला कलिनन हिरा खाणीतून निघाला तेव्हा ३१०६ कॅरेटचा होता. आकडा ऐकूनच कळतं, दिग्दर्शक बैठक मारून थापा हाणणार आहे. त्या हिऱ्यावर दोघांचा डोळा असतो. एक बोंग-गू, जपानी नाव लावून साहेबांच्यात ऊठबस करणारा ठग. दुसरी नाइटक्लबात जॅझ गाणारी आणि रात्री तिजोऱ्या फोडणारी बाई. शिवाय एक बारमालक आणि त्याचा आचारी. हे दोघे खरे तर भूमिगत क्रांतिकारक, पण त्यांचा बेत म्हटला की फसलाच म्हणून समजा.

यात खोटं काय आहे ते मला दिसतं. खरं काय आहे तेही दिसतं. सोकुराम आठव्या शतकातलं आहे, आणि जपान्यांनी १९१३ ते १९१५ मध्ये त्याची डागडुजी करताना सिमेंट वापरून आत ओल धरायची सोय करून ठेवली. १९४० साली कोरियन माणसांना जपानी नावं घ्यायला लावली गेली. बोंग-गूचं जपानी नाव हा त्या सिनेमातला विनोद आहे आणि तीच त्या काळाची जखमही आहे. ज्यांना वाटतं की या लोकांनी इतिहास विसरून हसण्यावारी नेलाय, त्यांनी तो माणूस साहेबासमोर कसा वाकतो आणि पाठ फिरली की चेहरा कसा बदलतो, तेवढं तरी नीट बघावं. फुकटचं हसू नाही ते.

हे सगळं मी आधीही सांगितलंय. सांगितलं नाही ते आमच्या घरातलं, आणि तुमचा प्रश्न खरा तिथलाच असतो.

२०११ ची दिवाळी. सगळे गावी जमलेले. माझे आबा, म्हणजे आजोबा, तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढे. कान शाबूत, नजर अधू. लॅपटॉप टीव्हीला जोडून मी हा सिनेमा लावला. मुळात पोरांसाठीच लावला होता, पण आबा येऊन जाजमावर भिंतीला टेकून बसले. खालची इंग्रजी अक्षरं कुणालाच धड वाचता येईनात, म्हणून मी मोठ्यानं मराठीत सांगत होते. थोरले काका आरामखुर्चीत पेपर वाचत होते. ते हायस्कूलचे निवृत्त मास्तर. १५ ऑगस्टला गावात भाषण त्यांचंच, आणि ते चांगलं असतं, मी कुचेष्टेनं म्हणत नाही.

बारमालक आणि आचाऱ्याचा बेत फसला आणि आबा हसायला लागले. साधं हसणं नव्हे. खोकला लागला, डोळ्यांत पाणी आलं, मी सिनेमा थांबवून पाणी आणलं. पाणी पिऊन तोंड पुसत आबा म्हणाले, "आरं, आमचं असंच व्हतं की."

आणि त्यांनी जी गोष्ट सांगितली ती आमच्या घरात तोवर कुणीही ऐकली नव्हती.

बेचाळीसच्या पावसाळ्यानंतरची. वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार होऊन गेला होता, पोरं पेटलेली होती. आबा आणि त्यांच्या वयाचा एक भावकीतला पोरगा, दोघांना शेजारच्या गावची चावडी जाळायला सांगितलं. दप्तर जळलं की सारावसुली अडते, असा हिशोब. लढाईमुळं रॉकेलची टंचाई, पण आबांच्या घरात मोरीमागे एक डबा होता. अंधारात तो उचलला, ओढ्यातून चार कोस चालत गेले, चावडीच्या दाराखालून अख्खा डबा आत ओतला आणि काडी लावली. विझली. दुसरी लावली. विझली. अख्खी काडेपेटी संपत आली तेव्हा त्या पोरानं बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "गड्या, ह्ये करडीचं त्याल हाय."

"मग?" पोरांनी विचारलं.

"मग काय! मोकळा डबा घिऊन घरी. सकाळी आईनं फोडणीला डबा काढला. इंग्रजाला काय कळलंच न्हाई, पर आईनं मला वळ उठंस्तोवर हाणलं."

खोलीतलं एकूण एक माणूस हसलं. माझी चुलती स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि हसली. मी सर्वांत जास्त हसले. काकांनी पेपर खाली ठेवला. उठले आणि भिंतीवरचं टीव्हीचं बटण बंद केलं.

"चावडी जळली नाही?" त्यांनी विचारलं.

"जळली की. फुडल्या आठवड्यात. दुसऱ्यांनी जाळली."

"मग मी इतकी वर्षं काय लिहीत होतो?"

इथं थोडं सांगावं लागेल. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनला पुरावा लागतो. सहा महिन्यांची कैद झाली असेल तर तुरुंगाचा दाखला. भूमिगत असाल तर फरारी जाहीर केल्याचा, डोक्यावर इनाम लावल्याचा कागद. आबा कधी सापडलेच नाहीत, म्हणून दाखला नाही, आणि त्यांच्यासारख्या पोरावर सरकारनं इनाम कशाला लावावं? भाकऱ्या पोचवणं, निरोप नेणं, रात्री बांधावर राखण बसणं, या कामांना कागद नसतो. काकांनी पंचवीसेक वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. अर्ज, स्मरणपत्र, शपथपत्र, हयात सैनिकांच्या चिठ्ठ्या. आणि प्रत्येक अर्जात एक वाक्य असायचं, काकांच्या मास्तरी अक्षरात : 'सदर इसमाने चावडी जाळण्याच्या कार्यात प्रत्यक्ष भाग घेतला.' पेन्शन शेवटपर्यंत मिळाली नाही. काकांना पैशांचं काही नव्हतंच. त्यांना ते वाक्य कुणीतरी शिक्का मारून खरं म्हणायला हवं होतं.

आबा म्हणाले, "तू लिहीत हुतास. मी सही करत हुतो." रागानं नाही म्हणाले, आणि चेष्टेनंही नाही.

मग काका माझ्याकडे वळले. एवढंच म्हणाले, "ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी खुशाल हसावं. आपल्याकडे होती ती एक गोष्ट. तिचा तू तमाशा केलास." आणि घराबाहेर गेले. लक्ष्मीपूजनाला आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. पुढं बरेच दिवस बोलले नाहीत.

तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी पुण्यात नोकरीला होते, फिल्म सोसायटीत जायचे, आणि त्या वयात सगळ्याला सिद्धांत असतोच. माझा असा : राष्ट्र स्वतःच्या गुलामीवर हसलं म्हणजे ते खरं मोकळं झालं. कोरियानं १५ ऑगस्ट १९९५ ला (त्यांचाही मुक्तिदिन १५ ऑगस्टच, पण १९४५ चा) जपानी गव्हर्नर-जनरलच्या इमारतीचा कळस उतरवला, पुढच्या वर्षी इमारत पाडून संपवली. जपान्यांनी क्रांतिकारकांना डांबलं त्या सोलमधल्या सोदेमुन तुरुंगाचं १९९८ साली संग्रहालय झालं. त्यानंतर दहा वर्षांत त्या काळावर हसतखेळत बोलणारे सिनेमे आले. 'वन्स अपॉन अ टाइम'च्याच वर्षी 'द गुड, द बॅड, द वियर्ड' आला, १९३० च्या दशकातल्या मांचुरियात घोड्यांवरून धूम ठोकणारा. आधी राग, मग स्मारक, मग हसू. आपणही पोचू, मी म्हणायचे. प्रतिसरकारच्या पोरांनी शेणोलीला १९४३ च्या जूनमध्ये रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली, १९४४ च्या एप्रिलमध्ये धुळ्याकडे चिमठाण्याला पाच लाखांवर सरकारी खजिना लुटला. अख्ख्या सिनेमाचा ऐवज पडलाय की आपल्याकडे!

आता मला तेव्हाच्या या पोरीशी, म्हणजे माझ्याशीच, भांडावंसं वाटतं. बाई गं, तुझ्या पायऱ्यांमध्ये काका कुठं बसतात? ज्याचं स्मारकच झालं नाही त्यानं तिसऱ्या पायरीवर उडी मारायची का?

पण मग ती पोरगी मला उलट विचारते, आणि तिचंही बरोबर असतं. कोरियात तरी सगळ्यांचे कागद जागेवर आहेत असं कुठं आहे? तिकडे लोक सर्रास म्हणतात, की स्वातंत्र्यासाठी लढला त्याच्या तीन पिढ्या बुडाल्या आणि जपान्यांना मिळाला त्याच्या तीन पिढ्या तरल्या. काकांनी हे ऐकलं असतं तर पुढच्या १५ ऑगस्टच्या भाषणात घातलं असतं. तिथल्या प्रेक्षकांतही कागद नसलेल्यांची नातवंडं असणारच. ती काय बघून हसली असतील? मला वाटतं, बारमालक आणि आचारी हे कागद नसलेलेच लोक आहेत. त्यांचं कौतुक करणारं तिथं कुणी नाही. नाव नाही, गाव नाही, बार चालवायचा, भांडी घासायची आणि मध्येच साम्राज्य उलथायचं. आबांना ते लांबूनसुद्धा ओळखू आले. मांडीवर थाप मारून सांगायला त्यांना एवढी वर्षं कुणी भेटलंच नव्हतं, कारण घरात जो लिहिणारा होता त्याला फक्त जळलेली चावडी हवी होती.

असं म्हटलं की काका व्हिलन होतात. ते तर मला मुळीच नकोय. वडिलांसाठी इतकी वर्षं एसटीनं कचेरीत जाणारा मुलगा व्हिलन कसा असेल?

तुम्ही म्हणाल, मग सरळ सांग ना, तो सिनेमा चांगला की वाईट. मध्यम आहे. शेवट लांबलाय, काही मारामाऱ्या कंटाळवाण्या आहेत. त्या काळावरचा भारी सिनेमा हवा असेल तर २०१५ चा 'असॅसिनेशन' बघा. त्याला कोरियात सव्वा कोटीच्या घरात प्रेक्षक गेले, आणि तो बघताना तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. पण आबांना हसू आलं ते या मध्यम सिनेमाला, म्हणून मी हाच सुचवते.

आबा गेले. अर्जांची फाइल काकांकडेच आहे. त्यात ते वाक्य तसंच आहे, आणि मी ती चाळते तेव्हा खोडावं असं मला कधी वाटलेलं नाही. काका आता बोलतात माझ्याशी, व्यवस्थित बोलतात. फक्त कधीमधी फोन ठेवता ठेवता विचारतात, "ती करडीच्या तेलाची गोष्ट तू बाहेर कुणाला सांगत नाहीस ना?" आजवर मी "नाही, काका" म्हणत आले, आणि ते खरंही होतं. या लेखाची लिंक त्यांना कोण ना कोण पाठवीलच.