भुयारातल्या खोल्या दुसऱ्यासाठी लिहिताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे घेऊन फाशांनी खेळायच्या कथाखेळातले साहस स्वतःच चालवायचे असेल, तर त्यातल्या खोल्यांची वर्णने लिहावी लागत नाहीत. नकाशावर आकडा टाकून शेजारी ‘हौद, राख, सांगाडे, किल्ली’ एवढे खरडले तरी खेळ चालवणाऱ्या आणि खेळाडूंना समोर काय आहे ते सांगणाऱ्या डंजन मास्टरचे म्हणजे डीएमचे काम भागते, कारण उरलेली खोली त्याच्या डोक्यात असते. माझी साहसे वर्षानुवर्षे अशाच टिपणांवर चालत आली. मात्र एका मैत्रिणीने तिच्या गटासाठी माझे एक भुयार मागितले, तेव्हा त्यातल्या १८ खोल्या दुसऱ्या डीएमला टेबलावर बसून वापरता येतील अशा रीतीने लिहून काढणे भाग पडले.

हे वर्णन वाचणार कोण, हे मला आधी ठरवून घ्यावेसे वाटले. खेळाडू ते वाचत नाहीत. ते फक्त ऐकतात, आणि तेही डीएमच्या तोंडून. वाचणारा एकटा डीएम असतो आणि त्याला वाचायला उसंत नसते. एक खेळाडू फासे टाकत असतो, दुसऱ्याने दार ढकलल्याचे जाहीर केलेले असते, तिसरा मागच्या खोलीतली दोरी आपण उचलली होती की नाही यावर हुज्जत घालत असतो, आणि एवढ्यात डीएमला पानावर एक नजर टाकून बोलायला सुरुवात करायची असते. त्या एका नजरेत जे सापडेल तेवढेच खेळाडूंपर्यंत पोहोचते. परिच्छेदाच्या मध्यावर दडलेली महत्त्वाची गोष्ट दहा मिनिटांनी उघडकीस येते, आणि मग ‘थांबा, इथे एक सापळाही होता’ असे ओशाळवाणे वाक्य टेबलावर ऐकू येते.

छापील साहसांत बऱ्याचदा चौकटीत घातलेला, जसाच्या तसा वाचून दाखवायचा मजकूर असतो. स्पर्धेत त्याचा उपयोग उघड आहे: एकच साहस वेगवेगळे डीएम वेगवेगळ्या गटांकडून खेळून घेत असतील आणि गटांची तुलना करायची असेल, तर सर्वांच्या कानी सारखीच माहिती पडली पाहिजे. घरगुती टेबलावर ही सक्ती नसते, आणि डीएम वाचू लागला की त्याचा आवाज बदलतो, मान खाली जाते आणि खेळाडूंचे लक्ष उडते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून चौकटी मी मोजक्याच खोल्यांना ठेवल्या आणि प्रत्येक चौकट तीन वाक्यांच्या आत बसवली. ती वाक्ये मोठ्याने म्हणून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट जाणवली. ‘भिंतीला टेकवलेल्या, गंजलेल्या कड्यांच्या, झाकणावर तीन कुलपे असलेल्या पेटीवर’ अशी रचना कागदावर शोभते, पण ऐकणाऱ्याला पेटीचा पत्ता लागेपर्यंत आधीची सगळी विशेषणे निराधार लोंबकळत राहतात. चौकटीत मी वस्तूचे नाव आधी आणि तिचा तपशील पुढच्या वाक्यात अशी मांडणी ठरवून घेतली.

त्या चौकटींतून मी दोन प्रकारची वाक्ये पूर्ण वगळली. ‘तुमच्या अंगावर काटा येतो’ यांसारखी वाक्ये खेळाडूच्या पात्राला काय वाटते ते परस्पर ठरवतात, आणि ‘तुम्ही पुढे होऊन हौदात डोकावता’ यांसारखी वाक्ये त्याची कृतीच हिरावून घेतात. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण हौदात डोकावल्याने सापळा उडणार असेल तर तो खेळाडूने नव्हे, लेखकाने उडवलेला असतो.

प्रकाशाचा विचार मी पूर्वी कधी इतक्या काटेकोरपणे केला नव्हता. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत मशालीचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंत आणि त्यापुढे आणखी २० फूट अंधूक उजेड पडतो. माझे हौदाचे दालन दक्षिणोत्तर ६० फूट लांब होते आणि पुतळा होता उत्तरेच्या भिंतीपाशी. म्हणजे दक्षिणेच्या दारात उभ्या असलेल्या मशालधारी माणसाला पुतळा दिसणारच नव्हता, आणि तरीही माझ्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात त्या पुतळ्यानेच होत होती. ड्वार्फ या बुटक्या जमातीच्या पात्राची गोष्ट वेगळी: पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत त्याला काळोखातही ६० फुटांपर्यंत दिसते, पण केवळ करड्या छटांमध्ये, रंग कळत नाहीत. दुसऱ्या एका खोलीत लाल आणि हिरव्या फरश्यांचे कोडे होते. उजेडाशिवाय आलेल्या ड्वार्फला त्या सर्व फरश्या सारख्याच दिसतील ही ओळ मला तिथे मुद्दाम लिहावी लागली. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक नियमावलीत मशालीचा उजेड ३० फुटांचा आहे आणि ती दहा मिनिटांची एक अशा सहा पाळ्या टिकते, त्यामुळे त्या नियमांनी खेळणाऱ्यासाठी हीच खोली थोडी वेगळी उलगडेल. सर्व आवृत्त्यांची सोय करणे शक्य नव्हते. मी अंतरे फुटांत लिहिली आणि काय दिसेल याचा हिशेब डीएमवर सोपवला.

या विचारातून प्रत्येक नोंदीचा क्रम ठरला: दारातून काय कळते, जवळ गेल्यावर काय दिसते, आणि हात घातल्यावर काय घडते. हौदाच्या दालनाची नोंद अनेक फेरफारांनंतर अशी उरली (‘सेव्ह’ म्हणजे धोका चुकवण्यासाठी टाकायचा फासा, ‘डीसी’ म्हणजे त्यात गाठायचा आकडा, ‘डेक्स्टरिटी’ म्हणजे पात्राची चपळाई आणि ‘२डी६’ म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे):

७. हौदाचे दालन. छत ३० फूट.
दक्षिण दारातून: जळक्या तेलाचा वास. समोर अंधूक उजेडात दगडी काठ.
पूर्व दारातून: समोरच पुतळा, डावीकडे हौद.
हौद: कोरडा, ४ फूट खोल, तळाशी घोटाभर राख. काठाच्या आतल्या बाजू काळवंडलेल्या. राख उपसल्यास दोन सांगाडे. एकाच्या मुठीत पितळी किल्ली (खोली १२), एकाच्या पाठीत सुरी (खोली १५).
पुतळा: शिर नाही, मानेच्या जागी मूठभर रुंद भोक, त्याच्या कडा तेलकट. भोक ओल्या कापडाने बुजवल्यास सापळा निकामी.
सापळा: हौदात कोणी उतरल्यास मानेतून ज्वाळा. हौदातील प्रत्येकाने डीसी १३ डेक्स्टरिटी सेव्ह करावा. हुकल्यास २डी६ इजा, साधल्यास निम्मी.

यात एकही सुंदर वाक्य नाही आणि मला त्याची खंत नाही. जळक्या तेलाचा वास, काळवंडलेले दगड आणि मानेच्या तेलकट कडा या तीन गोष्टी लक्ष देणाऱ्या खेळाडूला सापळ्यापर्यंत नेतात. ज्याने विचारले नाही तो भाजतो. सापळ्याच्या खोलीत खुणा किती ठेवाव्यात यावर डीएम मंडळींत एकमत नाही. माझे मत असे की खूण नसलेला सापळा म्हणजे नुसता दंड असतो, आणि खुणा सढळ हाताने दिल्या तरीही खेळाडू त्यांतल्या निम्म्या दुर्लक्षितच करतात. सेव्हचा आकडा आणि इजेचे फासे त्याच नोंदीत असावेत, परिशिष्टात नसावेत, एवढे मात्र मी आग्रहाने म्हणेन.

‘दारातून’ या ओळीला दिशा जोडावी लागली, कारण या दालनाला दोन दारे आहेत आणि खेळाडू कोणत्या दाराने येतील हे लेखकाच्या हाती नसते. ‘आत शिरताच उजवीकडे’ असे लिहिलेले वर्णन एकाच दारापुरते खरे असते. डीएमसाठीच्या ओळींत मी सर्वत्र उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम वापरले. डावे-उजवे फक्त त्या-त्या दाराच्या ओळीत ठेवले. खोलीची लांबी-रुंदी दहा फुटी चौकटींच्या नकाशावर दिसतेच, म्हणून ती पुन्हा लिहिली नाही. छताची उंची मात्र नकाशा सांगत नाही, आणि दोर फेकणारा किंवा उडणारा कोणी गटात असेल तर तो तीच आधी विचारतो.

मॉन्स्टरचा उल्लेख कोठे करावा यावर मी सर्वांत जास्त घोळ घातला. वर्णनाच्या शेवटी ठेवला, तर डीएम पडद्यावरचे भरतकाम सांगत बसतो आणि मग सहज आठवल्यासारखे ‘हो, आणि इथे एक ओगर उभा आहे’ म्हणतो. आरंभी ठेवला, तर खेळाडू ताबडतोब फासे उचलतात आणि खोली कोणीच ऐकत नाही, मग लढाईत आडोसा घेण्यासारखे काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते. मी अखेरीस मॉन्स्टरला वर्णनाबाहेर काढून नोंदीच्या माथ्यावर वेगळी ओळ दिली: कोण आहे, या क्षणी काय करत आहे, आवाज ऐकल्यास काय करेल. तो जागचा हलू शकतो, मरू शकतो किंवा शेजारच्या खोलीतल्या झटापटीला धावून जाऊ शकतो. वर्णनाच्या वाक्यात विणलेला ओगर असा सोडवून बाजूला करता येत नाही. डीएमने मॉन्स्टर केव्हा उच्चारावा हे त्याचे तो पाहील.

इतिहासावर सर्वांत मोठी कात्री चालली. हा हौद कोणत्या पंथाने बांधला, त्यांच्यात फूट कशी पडली, याची दीड पाने माझ्याकडे होती आणि ती लिहिताना मला मजाही आली होती. परंतु खेळाडूंना जी गोष्ट कोणत्याही मार्गाने कळू शकत नाही, ती पानावर डीएमची नजर अडवण्यापलीकडे काही करत नाही. जो भाग टिकवायचा होता तो वस्तूंत उतरवला: सांगाड्यांपैकी एकाच्या पाठीत सुरी रुतलेली आहे, आणि त्या सुरीवरचे चिन्ह खोली १५ मधल्या वेदीवरही आहे. बाकीचा मजकूर गेला.

रिकाम्या खोल्यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९८१ च्या त्याच नियमावलीत खोली भरण्यासाठी सहा बाजूंचा फासा टाकायचा असतो आणि ५ किंवा ६ पडल्यास खोली रिकामी राहते. म्हणजे साधारण एक तृतीयांश भुयार मोकळे असणे अपेक्षितच आहे. अशा खोल्यांना मी एकेक ओळ दिली, पण ती ओळ शेजारच्या खोलीबद्दल काहीतरी सांगेल हे पाहिले: पूर्वेकडे ओढत नेल्याचे चरे, किंवा उत्तरेच्या दाराखालून येणारी थंड हवा.

निम्मे भुयार लिहून झाल्यावर मैत्रिणीने त्यातला एक भाग चालवला आणि मी वही घेऊन बाजूला गप्प बसलो. गप्प बसणे या कामातला सर्वांत कठीण भाग आहे. ती कोठे पान उलटते, कोठे अडखळते, आणि खेळाडू कोणता प्रश्न विचारतात ज्याचे उत्तर तिला पानावर मिळत नाही, एवढेच मी टिपत होतो. तिने एका ठिकाणी ‘भिंत पोकळ असल्याचे वाटते’ हे वाक्य वाचले आणि माझ्याकडे पाहिले. भिंत खरोखर पोकळ होती की तो आभास होता, हे त्या वाक्यावरून तिला ठरवता येत नव्हते, आणि ते तिला ठाऊक असणे आवश्यक होते. त्यानंतर डीएमसाठीच्या ओळींतून ‘वाटते’, ‘जणू’ आणि ‘बहुधा’ मी शोधून शोधून काढले. खेळाडूंना संदिग्ध सांगायचे असेल तर ते डीएम सांगेल. तिच्या पानावर भिंत पोकळ आहे असे स्पष्ट लिहिलेले हवे.

पान उलटण्याच्या नोंदींमुळे मांडणी बदलली. एकही खोली दोन पानांत फुटू दिली नाही, मॉन्स्टरचे आकडे त्याच पानाच्या तळाशी आणले, आणि प्रत्येक उघड्या जोडपानावर नकाशाचा तेवढाच तुकडा छापला. यामुळे पाने वाढली आणि काही पानांवर मोकळी जागा राहिली. तिने ती जागा गेलेले हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद मोजणारे गुण) लिहायला वापरली.

दारांची ओळ मात्र त्या सत्रानंतरच जन्माला आली. खोली धुंडाळून झाली की गट हमखास विचारतो की आता कोठे जाता येईल, दार कोणत्या बाजूला उघडते आणि पलीकडून काही ऐकू येते का. माझ्या नोंदींत याचे उत्तर नकाशावर शोधावे लागत होते, आणि आवाजाचे उत्तर तर पुढच्या खोलीच्या नोंदीत होते. म्हणून प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ जोडली: ‘पूर्व: लाकडी दार, आत उघडते, कुलूप नाही, पलीकडे पाणी ठिबकल्याचा आवाज (खोली ८).’ हीच ओळ खोली ८ च्या बाजूने उलट लिहावी लागते, कारण एका बाजूने आत उघडणारे दार दुसऱ्या बाजूने बाहेर उघडते. ही ताडणी कंटाळवाणी होती. ती १८ खोल्यांच्या सर्व दारांसाठी नकाशावर बोट ठेवून पूर्ण केली आणि मग पाने तिच्या हवाली केली.