किल्ली माझ्या एकटीकडे होती

अंगात १०२ ताप होता. तिसऱ्या दिवशी फोन उचलला, तर ८७ मेल आणि सगळ्यांचा सूर एकच: सही अमान्य, अपडेट होत नाही. आमच्या पॅकेज रेपॉझिटरीच्या, म्हणजे तयार सॉफ्टवेअरच्या सामायिक कोठाराच्या, इंडेक्सवर ज्या जीपीजी किल्लीने (माल खरा असल्याची डिजिटल सही करणाऱ्या किल्लीने) सही होते, तिची मुदत संपली होती. ती मुदत दोन वर्षांपूर्वी मीच घातली होती, सुरक्षिततेचा विचार म्हणून. मुदत वाढवायला लागणारी मूळ किल्ली एका पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह माझ्या खणात आणि पासफ्रेज माझ्या डोक्यात. डोकं तापलेलं.

मुदत वाढवून सार्वजनिक किल्ली पुन्हा टाकायला वीस मिनिटं लागली. पण मधल्या काळात एका परोपकारी माणसाने बाकीच्यांना उपाय सांगून ठेवला होता: कॉन्फिगमध्ये एक ओळ घाला, सही तपासणंच बंद होतं. उपाय चालला, लोकांनी त्याचे आभारही मानले. त्यातल्या किती जणांनी ती ओळ नंतर काढली असेल, याचा विचार मी अजूनही टाळते.

ही रेपॉझिटरी जलविज्ञान आणि नकाशांच्या सॉफ्टवेअरची. सुरुवात सात रेसिपींनी झाली, त्याही माझ्या स्वतःच्या सोयीसाठी. एकेक प्रोग्रॅम हाताने कंपाइल करताना दिवस मोडायचा आणि सहा महिन्यांनी नव्या मशिनवर तेच सगळं पुन्हा. म्हणून लिहून ठेवलं: सोर्स कुठून आणायचा, त्याचा एसएचए-२५६ (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा ठसा) काय, कोणत्या लायब्ररी आधी लागतात, बिल्डच्या आज्ञा कोणत्या आणि शेवटी चाललं की नाही हे पाहणारी एक टेस्ट. लोक मागत गेले, मी घालत गेले. चार वर्षांत १४० पॅकेजेस. एक ना धड भाराभर चिंध्या.

डाउनलोड वाढत होते, त्यालाच मी कम्युनिटी समजत होते. ती नव्हती. गाडीत प्रवासी भरपूर होते, पण स्टिअरिंगला हात लावलेलं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

ताप उतरल्यावर ‘मेंटेनर (पॅकेजेस सांभाळणारी माणसं) हवेत’ असं ठळक अक्षरांत लिहिलं. ‘लवकर बऱ्या व्हा’ असे निरोप बरेच आले. मेंटेनर एकही नाही.

मग जुन्या पुल रिक्वेस्ट (लोकांनी आत घ्या म्हणून पाठवलेले बदल) उघडून बसले आणि पहिल्या बाहेरच्या माणसाची सापडली. भूपृष्ठाच्या उतारांचं एक छोटं साधन, नीटनेटकी रेसिपी. त्यावर माझ्या १४ सूचना. त्यातल्या ११ म्हणजे मोकळ्या जागा, डिपेंडन्सींचा (आधी लागणाऱ्या लायब्ररींचा) अकारविल्हे क्रम आणि वर्णनाच्या शेवटी पूर्णविराम का आहे असल्या. खरी गंभीर गोष्ट एकच होती, की बिल्ड मध्येच नेटवरून एक फाइल ओढत होता. ती मी तेराव्या क्रमांकावर लिहिली होती! त्याने नऊ सुधारल्या. मी आणखी तीन काढल्या. पुढे शांतता. तेव्हा मला वाटलं होतं, माणसात चिकाटी नाही.

पूर्णविरामांचं काम आता लिंटर (मांडणीच्या चुका काढणारा प्रोग्रॅम) करतो. यंत्राने चूक काढली की राग येत नाही, हा माझाही अनुभव. माणसाने फक्त माणसाचं बघायचं: लायसन्स काय आहे, बिल्ड नेटला हात लावतो का, टेस्ट खरंच काही तपासते का. आणि तीन दिवसांच्या आत उत्तर गेलंच पाहिजे. ‘पाहिलं, शनिवारी बसते’ एवढंसुद्धा चालतं. पहिला पॅच पाठवणाऱ्याला ‘नाही’ पचतं, पण आपला पॅच कुणी उघडूनही पाहिला नाही हे पचत नाही.

बाकीच्या दोन गोष्टी आम्ही सरळ उचलल्या. कोंडा-फोर्जमध्ये (पॅकेजेसचं असंच एक सामूहिक कोठार, २०१५ पासून चालू आहे) तुमची नवी रेसिपी स्वीकारली गेली की तिचं वेगळं रेपो बनतं आणि तिथला मेंटेनर तुम्हीच. आधी वर्षभर उमेदवारी, मग मान, असा प्रकार नाही. दुसरी गोष्ट डेबियन या लिनक्स वितरणाची. कुठल्या पॅकेजला मदत हवी आहे, कुठलं दत्तक द्यायचं आहे, कुठलं अनाथ झालं आहे, याची तिथे उघड यादी असते. मला आवडलं ते हे, की पॅकेज सोडण्याचीही तिथे ठरलेली रीत आहे. सोडणाऱ्याला चोरासारखं गायब व्हावं लागत नाही.

आम्हीही तीन लेबलं केली. ‘दत्तक घ्या’ पहिल्यांदा लावलं मीच, एका संध्याकाळी ६० पॅकेजेसना. हात जड झाला होता. ज्या रेसिपीसाठी दोन आठवडे एका फोरट्रान कंपायलरशी भांडले होते, तिच्यावर ते लेबल लावायला जेवणानंतर पुन्हा बसावं लागलं.

दोन महिन्यांत २२ पॅकेजेसना घर मिळालं. आलेली माणसं मात्र माझ्या कल्पनेतली नव्हती. मला वाटत होतं कोणी कसलेले प्रोग्रॅमर येतील. आली ती प्रबंधासाठी एकच मॉडेल हवं असलेली एक विद्यार्थिनी. आले एक निवृत्त सिस्टिम ॲडमिन, जे प्रत्येक लायसन्स फाइल शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात (आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो). आणि एक असा मुलगा, ज्याने आजवर एकही रेसिपी लिहिलेली नाही, पण प्रत्येक रिलीज आपल्या आर्म बोर्डावर (वेगळ्या प्रोसेसरच्या छोट्या कॉम्प्युटरवर) चालवून बघतो आणि तुटलेल्या गोष्टींची यादी देतो. रेपॉझिटरीवर प्रेम म्हणून कुणीच आलं नाही. प्रत्येकाला आपलं एक पॅकेज हवं होतं. त्याच्या आजूबाजूची चार हळूहळू त्यांनी हातात घेतली.

त्या फोरट्रानवाल्या रेसिपीवरून भांडण झालं ते विद्यार्थिनीशीच. तिने माझे ऑप्टिमायझेशनचे पर्याय काढून टाकले. मी लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात ‘अनुभव’ हा शब्द तीनदा होता. तिने दोन मशिनवरची उत्तरं शेजारी शेजारी ठेवली: माझ्या पर्यायांनी पाचव्या दशांशापासून आकडे वेगळे येत होते. प्रोग्रॅम झटपट चालत होता, पण तिच्या प्रबंधाला झटपट नव्हे, तीच उत्तरं पुन्हा मिळायला हवी होती. मी मर्जचं (बदल आत घेण्याचं) बटण दाबलं आणि दोन दिवस रुसून राहिले.

आता किल्ल्यांचा प्रश्न. अनोळखी माणसाला अधिकार दिल्याने काय होतं, हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. २०१८ मध्ये एनपीएमवरच्या (जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या कोठारातल्या) इव्हेंट-स्ट्रीमच्या मेंटेनरने मदतीला आलेल्या एकाला प्रकाशनाचा हक्क दिला आणि त्याने कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारणारी डिपेंडन्सी आत सरकवली. आयत्या बिळावर नागोबा. मग २०२४ चं एक्सझेड, फाइली दाबून लहान करणारं साधन. तिथला ‘जिया टॅन’ दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करत राहिला आणि मग ५.६.० मध्ये मागचं दार बसवलं. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड यांनी ते जाहीर केलं, तेही एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशिनवर शिरायला) अर्धा सेकंद उशीर का होतो हे शोधता शोधता.

यावरून बरेच जण म्हणतात, अनोळखी माणसाला किल्ली देऊ नका. मी एक्सझेड प्रकरणातले जुने मेल वाचले आणि मला दुसराच भाग टोचला. एकट्याने गाडा ओढणाऱ्या मेंटेनरवर ‘काम संथ आहे, दुसऱ्याला घ्या’ असा दबाव टाकणारी खाती होती. ती बनावट होती असं आता मानलं जातं. त्या तापाच्या आठवड्यात मला असे चार मेल आले असते, तर मी किल्ली दिली असती. आभार मानून दिली असती.

म्हणून आता स्वतःचा बदल स्वतः मर्ज करायचा नाही, मलाही नाही. तयार बायनरी कुणाच्याही लॅपटॉपवरून चढत नाही, सगळं बिल्ड सर्व्हरवर सोर्सपासून बनतं. आणि जमेल तिथे सोर्स गिटच्या (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) टॅगवरून घ्यायचा, कारण एक्सझेडमध्ये ते दार उघडणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वेगळ्या बांधून दिलेल्या गठ्ठ्यात) होता. हे अभेद्य आहे का? नाही. दोन चिवट माणसं मिळून आली, तर आमचा नियम त्यांना आत घेईल. काकांना हे सांगितलं, तर म्हणाले, ‘येऊ देत. आल्या आल्या दोघांना लायसन्स वाचायला बसवतो.’

मूळ किल्ली शामिरच्या पद्धतीने तिघांत वाटली आहे, कुठलेही दोन तुकडे जुळले की ती बनते. रोजच्या सहीच्या उपकिल्लीची मुदत एक वर्ष, आणि साठ दिवस आधी तिघांनाही आठवण जाते.

गेल्या महिन्यात रंगीत तालीम केली. मी आजारी आहे असं धरायचं आणि मी काही बोलायचं नाही. मी फक्त स्क्रीन बघत होते. वीस मिनिटांच्या कामाला त्यांना चार तास लागले, कारण मी लिहिलेल्या सूचनांत सहावी पायरीच नव्हती. ती मी कधी लिहिलीच नव्हती, हातांना माहीत होती म्हणून. दोनदा माईक चालू केला आणि बंद केला. शेवटी विद्यार्थिनीने ती पायरी स्वतः शोधली, लिहिली, काकांनी तपासली आणि मर्ज केली.

त्या पहिल्या माणसाला मी मध्यंतरी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याच्या पॅचमध्ये राहिलेल्या गोष्टी मी दुरुस्त केल्या आणि लेखक म्हणून त्याचंच नाव ठेवून आत घेतला. आर्मवर तो पहिल्या फटक्यात चालला, असं त्या मुलाने कळवलं.